फोटोखाली नाव तरी छापायचे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला अभिनयावरचा लेख काल वाचला. लेखकमहाशयांच्या मते जुने नट म्हणजे शिरा ताणून बोलणारे आणि छाती पिटणारे. सहज अभिनय काय तो आत्ताच्या पिढीने शोधून काढला. धन्य आहे!

महाशयांनी ‘कुंकू’ पाहिला असावा अशी आपली माझी भाबडी समजूत. १९३७ सालच्या या चित्रपटात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घरादारात जे आवाज असतील तेवढेच. म्हाताऱ्या वकिलाची लाचारी केशवराव दात्यांनी एकट्याने पेलायची, मदतीला व्हायोलिन नाही. आता नायिकेने डोळे पुसायला पदर उचलायच्या आत वाद्यवृंद हजर. दिग्दर्शकाचाच नटावर भरवसा नाही, तर प्रेक्षकाने कशाला ठेवायचा?

मागे आत्याबाईंना घेऊन एका नव्या मराठी चित्रपटाला गेले होते. ग्वाल्हेरात मराठी चित्रपट लागतो हेच अप्रूप, त्यातून सकाळचा खेळ, म्हणून स्वयंपाक आवरून वेळेआधी हजर. पडद्यावर नवरा-बायकोचे भांडण चाललेले. नवरा पाठमोरा, खिडकीकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो; बायको किल्ल्यांशी चाळा करत त्याहून हळू उत्तर देते. आत्याबाई विचारतात, “काय म्हणाला गं?” मी सांगू काय, कप्पाळ? खाली इंग्रजी अक्षरे येत होती म्हणून निभावले. ती वाचून त्यांच्या कानात मराठीत सांगत बसले. मागच्या रांगेतला हिंदी बोलणारा मुलगा आमच्या आधी हसत होता, कारण तो नुसते खालचे वाचत होता! मध्यंतरात आत्याबाई म्हणाल्या, “घरी जाऊ या का?” त्यांचे कान शाबूत आहेत हेही सांगून ठेवते. शेजारच्या घरातली कुजबुज त्यांना व्यवस्थित ऐकू येते.

हळू बोलणे हाच सहजपणा असेल तर ‘सामना’तले निळूभाऊ फुले बघा. आवाज चढवत नाहीत, दबक्या सुरात बोलतात, तरी अक्षर न् अक्षर पोचते. समोर डॉ. लागू. दोघेही रंगभूमीवर घासूनपुसून तयार झालेले. नव्यांत ‘कोर्ट’मध्ये चैतन्य ताम्हाणे कॅमेरा जागेवर ठेवून माणसांना बोलू देतात, ते मला आवडले. पण असे किती?

खरा संताप त्या फोटोचा. खाली ओळ ‘नाटकी अभिनयाचा नमुना’, आणि वर कोण, तर ‘श्यामची आई’तल्या वनमालाबाई! अत्र्यांच्या ज्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, त्यातली आई. नाव छापायचीही तसदी घेतलेली नाही. बाई पवारांच्या, आमच्या ग्वाल्हेरच्या. २००७ साली इथेच गेल्या. इथल्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत त्यांचे नाव आजही आदराने घेतात. आपल्या लेखकाला त्या ‘नमुना’ वाटल्या.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया मुख्य अंकात छापावी. पुरवणी आमच्यापर्यंत पोचते तेव्हा पोचते, आणि त्यातले शब्दकोड्याचे पान कित्येक दिवसांत दिसलेले नाही. त्याबद्दल आपल्या वितरण विभागाला लिहिले होते. उत्तर आले नाही.

कळावे,
एक जुनी वाचक, लष्कर, ग्वाल्हेर