धाकटीच्या पाचारणाविषयी बाबांना पत्र

वॉर्सेस्टर, मॅसॅच्युसेट्स

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमचे पत्र पोहोचले. धाकटी बँकेतली नोकरी सोडून पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळकांना शिक्षण देणाऱ्या विद्यालयात, जायचे म्हणते आहे. तिला खरोखर पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचे बोलावणे, झाले आहे की संजीवन सभांच्या भरात तिने हे मनावर घेतले आहे, हे कसे ओळखावे असे तुम्ही विचारले आहे. मी पाळक नाही, तेव्हा माझ्या मताला त्या बेतानेच वजन द्यावे. पण मी ज्या राज्यात राहतो, तिथूनच आपल्या अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसे निघाली. त्यांच्याविषयी इथे राहून जे पाहिले आणि वाचले, त्यामुळे पाचारणाबद्दलच्या माझ्या जुन्या समजुती बऱ्याच बदलल्या आहेत.

या राज्याच्या पश्चिम टोकाला विल्यम्सटाउन हे गाव आहे. तिथल्या कॉलेजातले पाच विद्यार्थी १८०६ च्या ऑगस्ट महिन्यात प्रार्थनेसाठी बाहेर मोकळ्यावर जमले असता वादळी पाऊस आला, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशिया खंडात सुवार्ता कोणी न्यायची, यावर तिथेच त्यांचे बोलणे झाले. त्या जागी आता संगमरवरी स्तंभ असून त्यावर पाचही जणांची नावे कोरली आहेत. ही गोष्ट आपल्याकडे व्यासपीठावरून अशी सांगतात की जणू पाऊस थांबताच पाचही जण जहाजात जाऊन बसले. प्रत्यक्षात त्या पाचांपैकी जेम्स रिचर्ड्स हे एकटेच मिशनरी म्हणून आशियात, सिलोनला गेले. हार्वी लूमिस यांचे तर त्या दिवशीच मत पडले होते की अजून ती वेळ आलेली नाही. ते पुढे आपल्याच देशात पाळक झाले. ज्यांनी तो विषय काढला, ते सॅम्युएल मिल्स आशियात कधीच पोहोचले नाहीत. ते मागे राहून इतरांना पाठवण्याची व्यवस्था उभी करत राहिले आणि १८१८ मध्ये आफ्रिकेहून परतताना समुद्रातच वारले. जे गेले नाहीत त्यांचे पाचारण खोटे होते, असे म्हणण्याची माझी छाती होत नाही. प्रार्थना सगळ्यांनी केली आणि वाटा निरनिराळ्या निघाल्या, एवढेच त्यातून दिसते.

मला याहून मोलाची वाटते ती १८१० च्या जून महिन्यातली गोष्ट, जी आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. अँडोव्हर सेमिनरीतल्या काही तरुणांनी ब्रॅडफर्ड या गावी भरलेल्या पाळकांच्या वार्षिक सभेपुढे एक अर्ज ठेवला. आम्हांला परदेशी सेवेचे ओझे वाटते आहे. हा विचार अव्यवहार्य म्हणून आम्ही सोडून द्यावा काय, आणि सोडायचा नसेल तर कोणाच्या आधाराने व देखरेखीखाली जावे, हे वडीलजनांनी आम्हांला सांगावे, असा त्याचा आशय होता. इतक्या जणांचा खर्च पाहून सभा बिचकेल, या भीतीने त्यांनी दोन नावे अर्जातून आधीच गाळली होती, आणि त्यांतले एक नाव याच रिचर्ड्स यांचे होते! त्या अर्जातून परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था, अमेरिकन बोर्ड, जन्माला आली. आम्हांला पाचारण झाले आहे, आता पैसे द्या, असे ते तरुण म्हणाले नाहीत; नकार मिळण्याची शक्यता धरून त्यांनी आपले पाचारण मंडळीच्या हाती सोपवले. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेल्या अंत्युखियाच्या मंडळीतही हेच घडले होते. पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल यांना वेगळे करण्यास सांगितले ते उपास आणि उपासना करणाऱ्या मंडळीला, आणि त्यांच्यावर हात ठेवून त्यांना निरोप दिला तोही मंडळीनेच.

आपल्या मिशनच्या त्या पहिल्या माणसांपैकी गॉर्डन हॉल त्या गंजीखाली नव्हते. ते त्याच कॉलेजचे विद्यार्थी होते. ते अँडोव्हरला शिकले, निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात थोडे वैद्यकीय शिक्षणही त्यांनी घेतले, आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील टॅबरनॅकल चर्चमध्ये आणखी चौघांसह त्यांना दीक्षा मिळाली. त्या काळी याहून चांगली तयारी कोणाला करता आली असती असे वाटत नाही. तरी पुढे काय झाले पाहा. दीक्षा मिळालेल्या या पाचांपैकी जडसन आणि राइस यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत प्रवासात आणि कलकत्त्याला पोहोचल्यावर पालटले आणि ते बॅप्टिस्ट झाले. त्यांतल्याच न्यूएल यांच्या पत्नी हॅरिएट अवघ्या एकोणीस वर्षांच्या असताना मॉरिशसमध्ये वारल्या. ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्यांना कलकत्त्यातून निघून जाण्याचा हुकूम दिला, तेव्हा हॉल आणि पाचांतलेच नॉट तिथून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले, आणि तिथेही बराच काळ त्यांच्या डोक्यावर हद्दपारीची टांगती तलवार होती. नॉट प्रकृतीमुळे परत गेले. हॉल मराठी शिकले, रस्त्यांवर आणि देवळांच्या आवारांत लोकांशी बोलत राहिले, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने वारले. तेव्हा त्यांना बेचाळिसावे वर्ष पुरे व्हायचे होते. यातल्या कशाचीही शिकवणी अँडोव्हरमध्ये नव्हती. तरी ती सेमिनरी वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण ज्याला मूळ हिब्रू आणि ग्रीक वाचण्याची शिस्त लागली होती, तोच मराठीसाठी पंडितांपुढे मुकाट्याने बसू शकला.

मार्काच्या तिसऱ्या अध्यायात बारा जणांना नेमण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांचा क्रम मला फार विचार करण्याजोगा वाटतो. त्यांनी प्रभूबरोबर असावे हे पहिले, आणि त्यांना उपदेशासाठी पाठवावे हे त्यानंतरचे. सहाव्या अध्यायात त्यांना दोघा-दोघांनी पाठवले तेव्हा भाकर, झोळी आणि पैसा बरोबर न घेण्याची आज्ञा होती, आणि पुनरुत्थानानंतर तर वरून सामर्थ्य मिळेपर्यंत शहरातच थांबा असे सांगितले गेले. म्हणजे प्रभूच्या सहवासात राहणे, अर्धेमुर्धे शिकले असतानाच पाठवले जाणे, परत येऊन झालेले सांगणे आणि आज्ञा होईपर्यंत थांबणे, हे सगळे मिळून त्यांची तयारी झाली. आपण मात्र तयारी म्हणजे पदवी असे धरून चालतो, किंवा मग उलट टोकाला जाऊन आत्मा असताना पदवी कशाला, असे म्हणतो. ही दोन्ही टोके मला आळशीपणाची वाटतात.

आपल्या घरात टिळकांची भजने लहानपणापासून गायली जातात, म्हणून त्यांचेही उदाहरण देतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच नारायण वामन टिळकांजवळ कविता होती, संस्कृत होते, कीर्तनाची जाण होती आणि तुकोबा होते. तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नगरच्या सेमिनरीत त्यांनी शिकवलेही, पण देवाने त्यांच्याकडून जे काम घेतले त्याची शिदोरी बरीच आधी बांधलेली होती. १९१७ मध्ये ते मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या शिष्यांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार काढला. ते धाडस सर्वांना मानवले नाही, आणि दोनच वर्षांनी ते गेल्यामुळे त्याची परीक्षाही पुरती झाली नाही. धाकटीच्या बाबतीत याचा अर्थ मी असा घेतो की बँकेतली तिची वर्षे, हिशेबाची सचोटी आणि बचत गटांच्या बायकांशी बोलण्याची तिची हातोटी, हे टाकून देऊन सेवेत शिरायचे नसते.

आई, तू विचारले आहेस की एकट्या मुलीने या मार्गाला जावे काय. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या तेव्हा त्या अविवाहित होत्या, आणि स्त्रियांना त्या काळी सेमिनरीची दारे बंद होती. मुंबईच्या मिशनला मुलींच्या शाळांसाठी अनुभवी शिक्षिका हवी होती आणि त्या शिक्षिका होत्या. त्यांचे पाचारण एका गरजेच्या रूपाने आले. पुढे त्या नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची शाळा पाहिली होती, हे तर तुम्ही दोघेही जाणताच.

तेव्हा माझे म्हणणे असे की धाकटीने राजीनामा लगेच देऊ नये. तिने पाळकसाहेबांना आणि पंच मंडळाला रीतसर अर्ज करावा आणि त्यांनी नाही म्हटले तर ते ऐकण्याची तयारी ठेवावी. पुढच्या प्रवेशापर्यंतच्या काळात रविवारची शाळा आणि खेड्यांतल्या भेटी यांची जबाबदारी तिने पाळकीणबाईंबरोबर घ्यावी आणि दर महिन्याला त्यांना आपल्या कामाचे खरे खरे सांगावे. बाबा, एक विनंती तुम्हांलाही आहे. तुम्ही स्वतः पंच आहात, पण तिचा अर्ज सभेपुढे येईल तेव्हा तुम्ही बाहेर बसावे, म्हणजे होकार असो वा नकार, तो मंडळीचा आहे हे तिला कळेल. होकार आला तर सेमिनरीच्या फीचा आणि वसतिगृहाचा खर्च मी पाठवीन. त्यासाठी शेताला हात लावू नये.

तिला वेगळे पत्र लिहितो आहे. त्यात हॉल आणि फरार यांच्याविषयी अधिक लिहीन, कारण तिला तारखा लागतात.

तुमचा,
थोरला