आधी टीव्ही खांबाला, मग नातवंडं वाड्याला

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टीव्हीचा फोटो मिळाला. 55 इंच! आई म्हणते, बातम्या देणाऱ्याच्या दाढीतले पांढरे केससुद्धा मोजता येतात. घेतलात ते फार बरं झालं. बाबा, तुम्ही किती वर्षं डोळे बारीक करून स्कोअर वाचत होता! पण फोटोत माझी नजर गेली ती टीव्हीच्या खालच्या शोकेसवर. फोनवर टीव्ही पक्का बसवून घ्यायचा विषय काढला की तुम्ही "बघू, बघू" म्हणता आणि गाडी आयपीएलवर नेता, म्हणून आम्ही पोरांना घेऊन यायच्या आधी हे पत्र.

टीव्हीचे दोन पाय शोकेसच्या अगदी दोन टोकांना टेकलेत. खाली तीन खण, आणि वर रिमोटशेजारी आईचा बिस्किटांचा डबा. ईरा आता अडीच वर्षांची आहे. ती टीव्हीला धक्का द्यायला जाणारच नाही. ती डब्यासाठी चढेल. खालचा खण ओढायचा, त्यावर पाय द्यायचा, मग मधला खण ओढायचा. इथे आमच्या कपाटावर तिचा हा उद्योग रोज चालतो. आमचं कपाट भिंतीला ठोकलेलं आहे म्हणून निभावतं. खण बाहेर आले आणि त्यांच्या कडेवर बारा किलोचं पोर उभं राहिलं, की सगळा भार पुढे येतो आणि शोकेस कलंडतं. त्याच्या आधी येतो टीव्ही, पंधरा किलोच्या आसपासचा, आणि तोही डोक्याच्या उंचीवरून. अमेरिकेत अशा खणांच्या कपाटांखाली मुलं दगावली, तेव्हा 2022 मध्ये त्यासाठी कायदाच केला. 60 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण 27 किलोच्या मुलाचा भार धरून कपाट कलंडतं का ते तपासतात. आपल्या शोकेसची अशी परीक्षा कुणी घेतलेली नाही, आणि ती ईराने घ्यावी असं मला वाटत नाही.

"तुम्ही नाही का वाढलात?" हे तुम्ही म्हणणार, माहीत आहे. वाढलो. पण तेव्हाचा टीव्ही शटरच्या पेटीत होता, पेटी जमिनीपासून दोन फुटांवर होती आणि किल्ली आईच्या कमरेला. चिनूला सांगितलं तर त्याला ही गोष्ट खोटी वाटते.

आता भिंतीचं. कंपनीचा माणूस येईल, ड्रिल लावेल, प्लास्टिकचे रावल प्लग ठोकेल आणि सही घेऊन जाईल. सिमेंट-विटांच्या भिंतीत ते बरोबर आहे. आपल्या माजघराची भिंत मात्र पांढऱ्या मातीची, वरून नुसता गिलावा. तिथे भोक पाडलं की आतून भुसभुशीत माती येते आणि प्लग धरतच नाही. आठवड्याभराने ब्रॅकेटसकट सगळं खाली. म्हणून त्याला त्या भिंतीला हातच लावू देऊ नका. झोपाळ्यासमोर भिंतीतले दोन सागवानी खांब आहेत ना, त्यांच्यामध्ये साधारण पाच फूट जागा आहे आणि टीव्ही चार फुटांच्या जरा वर. सुतारमामांकडून दोन जाड सागवानी फळ्या खांबापासून खांबापर्यंत आडव्या बसवून घ्या, बोल्टने, खिळ्यांनी नाही. ब्रॅकेट त्या फळ्यांवर. वाड्याचं छप्पर पेलणारे खांब टीव्हीला भारी नाहीत! आधी मामांना पटाशीने टोचून बघायला सांगा, बुंध्याशी वाळवी लागलेली नाही ना. लागली असेल तर टीव्ही सरळ मागच्या नव्या खोलीत, तिथली भिंत विटांची आहे. तिथे बोर्डाच्या सरळ वर मात्र ड्रिल नको, आतून वायर गेलेली असते.

टीव्हीच्या पाठीला चार भोकं असतात, ब्रॅकेट त्याच मापाचं घ्यायचं. स्क्रू पुस्तिकेत लिहिलेल्या लांबीचेच. लांब स्क्रू आवळला तर आतला भाग फुटतो. आणि उंची बाबांच्या मानेचा विचार करून ठरवा: खुर्चीत बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्यावर यावेत. लोक छताला चिकटवतात ते मला कळत नाही, देवाचा फोटो आहे का तो?

टीव्ही वर गेला तरी शोकेस तिथेच राहणार आणि ईरा त्यावर चढणारच. म्हणून त्यालाही मागून एल अँगल लावून त्याच फळीला पकडवा. खणांना कुलूप. सेट टॉप बॉक्सची वायर लोंबकळत ठेवू नका, पट्टीत घालून घ्या. आई, तो डबा स्वयंपाकघरात ने. ही एक गोष्ट तर आजच होईल, तिला सुतार लागत नाही.

सुतारमामांना लग्नसराईत वेळ मिळाला नाही तर आम्ही असेपर्यंत टीव्ही तुमच्या खोलीत ठेवा आणि दाराला कडी लावा. दोरीने शोकेसला बांधून ठेवू म्हणाल तर उपयोग नाही, दोघंही एकत्र पडतील.

आणखी एक, हे सगळ्याच पडण्या-धडपडण्याला लागू आहे. पोराच्या डोक्याला जोरात लागलं, मग उलटी झाली, गुंगी आली किंवा ते नेहमीसारखं वागेना, तर हळद लावून वाट बघायची नाही, थेट दवाखाना. वरून काही जड डोक्यावर पडलं असेल तर पोर हसत असलं तरी दाखवून यायचं. आई, तू घाबरू नकोस. माहीत असावं म्हणून लिहिलं.

फळ्यांचा आणि मजुरीचा खर्च मी पाठवते. बाबा, यावर वाद नको. चिनूची परीक्षा संपली की रविवारच्या एसटीने निघतो. मामांनी खांब तपासले की फोटो टाका, बुंध्याचा नीट जवळून काढा. कैऱ्या उतरवल्या असतील तर आमच्या वाटणीच्या ठेवा, मोहन या वर्षी लोणचं स्वतः घालणार म्हणतोय. बघू काय होतंय.

तुमची,
मंजू