ताई, तुम्ही फोन धरून ठेवलात त्याबद्दल

आदरणीय आमदार ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की लगेच खाली पक्षाची भांडणं चालू होतात आणि मुद्दा राहतो बाजूला. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, तुम्हाला तर कळेलच. आम्ही तुमच्या मतदारसंघातले नाही, जिल्ह्यातले पण नाही, आमच्या गावातल्या एकाही मताचा तुम्हाला उपयोग नाही आणि तरी आमच्या एसटीसाठी तुम्ही नागपूरच्या अधिवेशनात उभ्या राहिलात. कधीचं लिहायचं होतं, पण लिहायला बसलं की भरून यायचं, म्हणून राहून जात होतं.

वाचणाऱ्यांना थोडं सांगते. आमच्याकडे शाळा सातवीपर्यंतच. आठवीपासून तालुक्याला जावं लागतं. त्यासाठी मानव विकासची निळी बस आहे. २०११ पासून सरकारने राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत खास मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी ह्या बसेस दिल्या, आधी तालुक्याला पाच, नंतर सात. योजना खरंच चांगली आहे, आमच्या गावातल्या किती पोरी तिच्यामुळे बारावी झाल्या. पण पैसा नियोजन विभागाचा, गाडी आणि ड्रायव्हर एसटीचे म्हणजे परिवहनचे, शाळेच्या वेळा शिक्षण विभागाकडे, वरचं आयुक्तालय संभाजीनगरला. चांगलं झालं की सगळ्यांचं, आणि बस आली नाही की कुणाचंच नाही.

कोरोनात बस बंद झाली, मग ऑक्टोबर २०२१ पासून संप, तो मिटता मिटता एप्रिल २०२२ उजाडला. संपकऱ्यांबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांची परिस्थिती आम्ही जवळून बघितलीय. पण त्यानंतर आमची फेरी जी सुरू झाली ती अशी की शाळा भरते साडेदहाला आणि बस गावात येते सव्वाअकरा-साडेअकराला, आणि परतीची निघते तीनला, तेव्हा शाळेत सहावा तास चालू असतो. म्हणजे पास मोफत, बस पण आहे, आणि पोरींना शाळा काही पूर्ण मिळत नाही. ज्यांना परवडलं त्यांनी ऑटो लावला. बाकीच्या कधी गेल्या, कधी नाही. माझ्या मुलीच्या वर्गातल्या दोघीजणी घरीच बसल्या, त्यातल्या एकीला तर बघायला पाहुणे यायला लागले, नववीतली पोर हो. घरच्यांना बोलायला जावं तर ते म्हणतात अंधार पडल्यावर हमरस्त्यावरून पोरगी चालत येणार का, तुम्ही जबाबदारी घेता का. काय बोलणार त्यावर.

आम्ही बसून राहिलो नव्हतो. डेपोत गेलो तर गाड्या कमी, माणसं कमी, वरून आदेश आणा. शिक्षण खात्यात गेलो तर बस आमचा विषय नाही. ज्यांना आम्ही मतं दिली त्यांच्याकडे बचत गटाच्या आम्ही सगळ्याजणी गेलो तर त्यांच्या पीएने निवेदन घेतलं, हातात निवेदन दिसेल असा फोटो काढला, तो फोटो त्यांच्या पेजवर संध्याकाळच्या आत आला आणि बस काही आली नाही. हे मी रागाने लिहितेय, कारण त्या फोटोत माझी मुलगी पण उभी होती आणि तिला खरंच वाटलं होतं की आता काम झालं.

तुमच्याकडे निवेदन पोचलं ते सुद्धा आमच्या गटातल्या एकीची नणंद तुमच्याकडे राहते म्हणून, व्हॉट्सॲपवर. पुढे ते तारांकित प्रश्नात कसं गेलं, कुठल्या यादीत लागलं, त्यातलं मला काही कळत नाही. मला कळतो तो तुमचा फोन.

रात्रीचे नऊ वाजले असतील. मी भांडी घासत होते, फोन पोरीने उचलला आणि आई कुणीतरी आमदार बोलतायत म्हणून धावत आली. मला वाटलं पीए असेल. तुम्ही स्वतः होता. म्हणालात, उद्या प्रश्न लागलाय, विभागाचं छापील उत्तर माझ्या हातात आहे, ते वाचते, तुम्ही ऐका आणि बरोबर आहे का सांगा. आणि तुम्ही वाचलंत. गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? उत्तर, हे खरे नाही. सदर मार्गावर फेरी नियमित सुरू आहे. विलंबाची कारणे काय? उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. मला ऐकताना रडूच आलं, कारण खोटं म्हणावं तर फेरी सुरू होतीच की. मी अडखळले. तेव्हा मुलगी मागून म्हणाली, माझ्याकडे लिहिलेलं आहे. उशीर झाला की सर विचारतात, म्हणून ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर रोजची तारीख आणि बस आल्याची वेळ लिहून ठेवायची, हे मला पण माहीत नव्हतं.

आता त्या वेळी वही काही सापडेना. दप्तर उलटं केलं, कपाट बघितलं, आणि मी तुम्हाला म्हटलं की ताई राहू द्या, तुम्हाला उद्या सकाळी काम आहे. तर तुम्ही म्हणालात, "तिला सांगा घाई करू नको, सावकाश शोध, मी फोन धरलाय." आणि खरंच धरलात. मधे तुमच्याकडे कुणीतरी काहीतरी विचारायला आलं, त्याला तुम्ही म्हणालात थांबा जरा, एक मुलगी वही शोधतीय. ताई, आमच्या कुणासाठी आजवर कुणी दुसऱ्याला थांबा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आम्हीच थांबतो सगळीकडे. वही सापडली गादीखाली. तुम्ही तिच्याकडून वेळा लिहून घेतल्यात, तिला अहो-जाहो करून, आणि फोटो पाठवायला सांगितलात.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाईलवर लाईव्ह बघत बसलो. तुम्ही आरडाओरडा केला नाही, कागद फेकले नाहीत. उत्तर देणाऱ्या मंत्र्यांना एवढंच विचारलंत की फेरी सुरू आहे म्हणता ती किती वाजता, आणि शाळा किती वाजता भरते हे तुमच्या विभागाने कुठल्या शाळेला विचारलं. मग वहीतल्या तारखा वाचल्यात. नियोजन, परिवहन, शिक्षण, तिन्ही खात्यांची नावं घेऊन म्हणालात की ह्यातलं कोण उत्तर देणार ते सांगा, मी त्यांनाच विचारते. शेवटी वेळ दुरुस्त करू असं सभागृहात सांगावं लागलं. आणि अधिवेशन संपल्यावर पण तुमच्या ऑफिसमधून विचारणा चालूच होती, डेपोवाल्यांनीच आम्हाला सांगितलं, जरा वैतागूनच.

विधानसभेत २८८ जण आहेत. सगळ्यांनी रोज भाषणं ठोकावीत असं माझं म्हणणं नाही. विभागाचं उत्तर आलं की ज्याचा प्रश्न आहे त्याला एकदा विचारावं, बाई हे असंच आहे का, एवढं जरी केलं ना तरी किती उत्तरं बदलतील. चांगली माणसं खूप आहेत हो, आमच्या शाळेचे सर पहिल्या तासाचं परत शिकवायचे उशिरा येणाऱ्या पोरींना, कंडक्टर दादा एखादी धावत येताना दिसली तर बेल द्यायचे नाहीत. अशांच्या जिवावरच चाललंय सगळं. पण वेळापत्रक बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, ज्यांच्या हातात होतं त्यांना कुणीतरी विचारायला पाहिजे होतं, ते तुम्ही विचारलंत.

आता बस पावणेदहाला येते, परतीची सव्वापाचला सुटते. घरी बसलेल्या दोघींपैकी एक परत जायला लागली. दुसरीच्या घरी आम्ही बायका जाऊन आलो, तिच्या आजीने ऐकून घेतलंय, वडील अजून नाही म्हणतात. आम्ही परत जाणार आहोत.

एक राहिलंय ताई. शनिवारी शाळा सकाळची असते आणि त्या दिवशी बस पावणेदहालाच येते, तोवर निम्मी शाळा झालेली असते. डेपोत सांगितलंय, लेखी पण दिलंय, पोच घेतलीय, तिचा फोटो तुमच्या ऑफिसच्या नंबरवर पाठवलाय. पुढच्या अधिवेशनाच्या आत होण्यासारखं असेल तर बघा.

तुमची,
नववीतल्या त्या मुलीची आई