मंत्रीसाहेब, मशीन नका मोजू, वाटा मोजा

माननीय आरोग्यमंत्री साहेब,

हॉस्पिटलच्या बॅकअपच्या टेंडरमध्ये 'यूपीएस एन प्लस वन असावेत' एवढी एकच ओळ दिसली की मला धडकी भरते, म्हणून लिहितोय. यूपीएस म्हणजे वीज गेली की लगेच बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवणारं मशीन. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सवाला माणूस.

एन म्हणजे पूर्ण लोड पेलायला लागतील तेवढी मशीन. ६०० केव्हीएचा (केव्हीए हे विजेच्या क्षमतेचं माप) लोड असेल तर २०० ची तीन, चौथं लावलं की झालं एन प्लस वन, एक बंद पडलं तरी उरलेली तीन निभावून नेतात. इथपर्यंत ठीक. पण पॅरललला जोडलेल्या या चौघांचं आउटपुट बहुतेक वेळा एकाच पॅनलमध्ये, एकाच बसबारवर (वीज पुढे वाटणाऱ्या धातूच्या पट्टीवर) येतं आणि तिथला मेन ब्रेकर पडला की चारही मशीन असून नसल्यासारखी.

हे मी भोगलंय. रात्री ब्रेकर ट्रिप झाला, चारही यूपीएसवर हिरवे दिवे, बॅटऱ्या फुल, आणि आयसीयूत मिट्ट काळोख. व्हेंटिलेटर आतल्या बॅटरीवर तग धरून होते, एकाची बॅटरी जुनी होती ती संपली तशी सिस्टर हाताने अंबू बॅग (श्वास द्यायचा रबरी फुगा) दाबत उभ्या राहिल्या, आणि मी तोंडात टॉर्च धरून पॅनल उघडत होतो. जनरेटरसुद्धा तयार होता हो, पण त्याचीही वीज त्याच पॅनलमधून जाणार होती.

टू एन म्हणजे ए आणि बी अशा दोन पूर्ण वेगळ्या लाइन, प्रत्येक एकटी सगळा लोड पेलणारी, यूपीएस, बॅटरी, पॅनल, केबल सगळं वेगळं, आणि बेडमागे दोन्हीची सॉकेट. खर्च खूप वाढतो, मान्य. सगळीकडे नकोच आहे, ओपीडी आणि ऑफिसला एन प्लस वन भरपूर झालं, पण आयसीयू, ऑपरेशन थिएटर, नवजात बाळांचा वॉर्ड इथे टू एनच पाहिजे. त्यातही दोन्ही लाइनवर निम्म्याच्या आतच लोड हवा, नाहीतर ६०-६० टक्के टाकला की एक गेल्यावर दुसरीवर १२० येतो आणि तीही बसते. मोकळं सॉकेट दिसलं की कोणीतरी मशीन जोडतंच, म्हणून दर महिन्याला रीडिंग घ्यायला लावा.

आणि पेशंट यायच्या आधी, लोड बँक (खोटा लोड देणारं चाचणीचं मशीन) लावून, एकेक ब्रेकर मुद्दाम पाडून बघितल्याशिवाय बिल पास करू नका. टेंडर काढायच्या आधी सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीज कुठून कुठे जाते त्याचा नकाशा, समोर घ्या, यूपीएसपासून बेडपर्यंत बोट फिरवा, जिथे बोटाला दुसरी वाट सापडत नाही ती जागा आधी दुरुस्त करून घ्या साहेब.

आपला,
एक मेंटेनन्स इंजिनिअर