वाढत्या मुलांच्या ताटात उसळ वाढवा

संपादक महोदय,

१४-१५ व्या वर्षी मुलांची भूक एकदम वाढते आणि घरोघरी फक्त पोळ्यांची चळत उंच होते. वाढवायला हवी ती उसळ. चौघांना १ वाटी मटकी पुरत असेल तर २ वाट्या घ्या. ८ ते १० तास भिजवून, उपसून कापडात बांधा. पाणी नीट निथळले नाही तर मोडांना आंबूस वास येतो. कुकरमध्ये मटकीचा गाळ होतो, म्हणून कढईवरच्या झाकणात पाणी ठेवून वाफेवर शिजवा. वरून लिंबू हवेच, त्यातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातले लोह अंगी लागते. सोबत ज्वारीची भाकरी. संध्याकाळी पाचला मात्र मूठभर शेंगदाणे-गूळच द्या. बिस्किटांच्या पुड्याने रात्रीची भूक मरते.

– एक वाचक, सातारा