अर्ज परत आलाय, तर सांगत का नाहीस?

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

महाडीबीटीवरचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, तुझा फी माफीचा अर्ज कॉलेजने परत पाठवल्याचं आजीकडून कळलं. मेसचं रात्रीचं जेवण बंद केल्याचंही तिनेच सांगितलं. काल फोनवर मी चिडले ते या दुसऱ्या गोष्टीसाठी.

अर्ज परत येणं म्हणजे नामंजूर होणं नव्हे. लॉगिन करून शेरा वाच. बहुतेकदा उत्पन्नाचा दाखला जुना असतो, कॅपचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, जागा मिळाल्याचं (अलॉटमेंट) पत्र राहिलेलं असतं, नाहीतर आधारवरचं नाव गुणपत्रिकेशी जुळत नाही. तात्यांनी तहसीलमधून आणलेला नवा दाखला निळ्या फाइलमध्ये आहे. दुरुस्त करून मुदतीच्या आत पुन्हा पाठव. कॉलेजच्या लॉगिनमधून तो सहसंचालक कार्यालयाकडे गेला का, हे दर आठवड्याला बघ. अर्ज कॉलेजातच पडून राहतात, क्लार्कना विचारायला लाजू नकोस.

जेवतेस ना?

उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, म्हणून ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आपल्यासारख्या एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ताईच्या वेळी निम्मंच मिळायचं. उरलेल्या निम्म्यात माझ्या पाटल्या गेल्या, आणि ताई पहिल्या वर्गात पास झाली त्या दिवशी आजी अख्ख्या आळीत पेढे वाटत फिरली. असो. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस या माफीत येत नाहीत. त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचा अर्ज त्याच पोर्टलवर वेगळा भरायचा. त्याला अल्पभूधारक दाखला आणि वसतिगृहाचा पुरावा लागतो. हा भत्ता उशिरा येतो, त्याच्या भरवशावर उपाशी राहायचं नाही.

पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडणी झाली असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे कोणतं खातं जोडलंय ते, बघ. तिथे गावाकडचं बंद पडलेलं खातं दिसलं, तर पुण्याच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भर. मंजूर झालेली रक्कम इथेच अडकते. आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भरावा लागतो, आपोआप काही होत नाही.

पुन्हा भाषण झालं, रागावू नकोस. तू एकटीने पुण्यात सगळं निभावतेस याचा मला अभिमान आहे, पण न सांगता निभावतेस याची भीती वाटते. कमी पडलंच तर शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण न ठेवता मिळू शकतं, मात्र शिकत असतानाही व्याज चढत राहतं, म्हणून ते शेवटी.

मेसचे पैसे उद्या सकाळी टाकते. रात्रीचं जेवण आजच पुन्हा सुरू कर, आणि शेऱ्याचा फोटो मला पाठव, आजीला नाही.

तुझी,
आई