बाबा, तपासणी करून घ्याच

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, शौचातून रक्त जातंय हे आईने मला सांगितलं म्हणून तिच्यावर चिडू नका. मूळव्याध असेलही. पण नानाकाकांनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. सख्ख्या भावाला आतड्याचा कॅन्सर झालेला असताना तुम्ही अंदाजावर राहायचं नाही.

आणि ती ‘डिटॉक्स’ पावडर बंद करा. रात्री चमचाभर कोमट पाण्यातून घेता ना? अशा चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. पोट साफ होतं, विष जात नाही. ते काम यकृत आणि आतड्याचं अस्तर करतं, आपल्याच एन्झाइम्सच्या, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या जोरावर. सिगारेटच्या धुरातली, करपलेल्या मटणातली घातक द्रव्यं सायटोक्रोम पी४५० हा एन्झाइम्सचा गट आधी बदलतो. गंमत नाही बाबा, या पायरीवर कधीकधी मूळ द्रव्यापेक्षा जहाल काहीतरी तयार होतं आणि ते डीएनएला चिकटू शकतं. मग दुसऱ्या पायरीवर ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे एन्झाइम त्याला ग्लुटाथायोन नावाचा शरीरातलाच छोटा रेणू जोडतं आणि ते पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. इंदूरच्या घरात ओला-सुका कचरा वेगळा करून ठेवला आणि गाडीच आली नाही तर काय होईल, तसं दुसरी पायरी मंद असली की होतं.

असं एक ट्रान्सफरेज बनवणारं जीएसटीएम१ हे जनुक कित्येकांत जन्मतःच नसतं. युरोपीय वंशाच्या लोकांत तर जवळपास निम्म्यांत. त्या सगळ्यांना कॅन्सर होत नाही, अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून जनुकांच्या महागड्या तपासण्यांत पैसे घालू नका. त्यापेक्षा आई, कोबी, फ्लॉवर, मुळा ताटात असू दे. त्यांतली द्रव्यं या एन्झाइम्सना चालना देतात. मुळ्याची कोशिंबीर तर बाबांना आवडतेच. सिगारेट मात्र एकही नको.

पण रक्त दिसतंय, त्यावर कोबी हा उपाय नाही. कोलोनोस्कोपीच हवी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. आतड्यातल्या पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठीचा, कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि दुर्बिणीत तो दिसला की बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध त्रासाचं आहे, हे खरं. तपासणीच्या वेळी गुंगी देतात, त्यामुळे फारसं जाणवत नाही.

आई, बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधीच सांग. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. तारीख मिळाली की लगेच फोन कर, आदल्या दिवशी मी इंदूरला पोचते.

तुमची,
धाकटी